अळणी सूप

अमिषा : आबा, आधी देठाकडचा भाग काढायचा, मग चीर द्यायची. तुम्ही तर टोमॅटोचं ऑपरेशनच करायला घेतलंय.

दत्तात्रेय : सवय न्हाय गं. त्र्याहत्तर वर्सांत फावडा धरला, कोयता धरला. सुरी काय ती तुझ्या आजीच्या हातात.

अमिषा : मग द्या इकडे. माझी आज सुट्टी आहे, दहा मिनिटांत करून टाकते.

दत्तात्रेय : न्हाय. मीच करनार. तू फक्त सांग. तिना हास्पिटलातून घरी आनून चार दिस झाले. पेज परत आली, डाळीचं पानी परत आलं, काल खिचडी परत आली. एक घास घेते, अळनी हाय बोलते नि ताट सारते. काल मोरीपर्यंत जाताना भिंत धरून चालली. येसूबाई भिंत धरून चालते, हे मी डोळ्यांनी बघितलं.

अमिषा : डॉक्टरांनी पण तेच सांगितलंय ना. पोटात काही गेलं नाही तर गोळ्या बाधतील, परत अॅडमिट करावं लागेल. पण मीठ द्यायचं नाही म्हणजे नाही. छातीत पाणी झालं होतं तिच्या, आबा. पायाची सूज अजून उतरली नाहीये.

दत्तात्रेय : म्हनून तर ह्या सुपाची आठवन झाली मना. टोमॅटोचा आंबटपना हाय, लसनाचा वास हाय, वर दूध. तिच्या हातचं सूप हाय ते. तिना नको बोलता येनार न्हाय.

अमिषा : आंबट असलं की मीठ कमी लागतं, हे बरोबर आहे. बरं, आता गॅसवर ही जाळी ठेवा. टोमॅटो जाळीवर. अर्धे नाही, अख्खे.

दत्तात्रेय : मग मी कापले कशाला?

अमिषा : मी पण तेच बघत होते. ते कढईत घालू, बाकीचे भाजू. लसूण सालासकट भाजायचा, चार पाकळ्या. आजीची तीच पद्धत.

दत्तात्रेय : ती निखाऱ्यात टाकायची. आगरावरच्या खोपटात चूल व्हती तीन दगडांची. थंडीत सकाळी आमी वाफ्यांत उतरायचो मीठ ओढायला, पाय फुटून रगत यायचं, नि ही तिथं बसून टोमॅटो भाजायची. सगल्या मिठागरावर वास सुटायचा. गडी बोलायचे, दत्तूशेठ, वैनीनं काय लावलंय?

अमिषा : आगरावर सूप. कोणाला सांगितलं तर खरं पण वाटणार नाही.

दत्तात्रेय : लोकं हसायचे की. आजूबाजूला सगलीकडं सुकट नि भाकरी, आनि आमच्या खोपटात सूप. जर्मनच्या टोपात.

अमिषा : तिला हे शिकवलं कोणी? मी कधी विचारलंच नाही.

दत्तात्रेय : लग्नाला तीन वर्सं झाली व्हती. मिठाचा नमुना घेऊन मी मुंबईला निघालो व्यापाऱ्याकडं, तर ही बोलली मी पन येते. मोऱ्याच्या बंदरावरनं लाँचनं भाऊच्या धक्क्यावर उतरलो. ही सगल्या वाटेभर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, तिच्यात मीठ. काम झालं, भूक लागली, एका हॉटेलात शिरलो. शेजारच्या टेबलावर एक बाई लाल लाल काहीतरी चमच्यानं पीत व्हती. ही मना बोलते, ते सार मागवा.

अमिषा : सार?

दत्तात्रेय : आपल्याला काय ठाऊक. वेटर बोलला, सार न्हाय, सूप. मी बोललो, असंल ते आन, एक. एकाचेच पैसे व्हते गं. एका वाटीत दोन चमचे. तिनं पहिला घोट घेतला नि माझ्याकडं बघितलं. ते बघनं मी अजून विसरलो न्हाय. लग्नात पन तशी बघितली नव्हती माझ्याकडं.

अमिषा : आबा, तुम्ही लाजताय.

दत्तात्रेय : गॅसची धग लागते तोंडावर. मग ही उठली नि सरळ भटारखान्याच्या दाराशी. आचाऱ्याला विचारते, भाऊ, ह्याच्यात घट्टपना कशाचा? तो श्रीवर्धनकडचा निघाला. बोलला, वैनी, बड्या हॉटेलात मलई घालतात, आमी शिळा पाव दुधात भिजवून घालतो, साहेबाला सांगू नका.

अमिषा : म्हणून तुम्ही मला काल रात्रीचा पाव ठेव म्हणालात. बघा, साल काळी झाली. उतरवा आता. चिमट्यानं, आबा, हातानं नाही.

दत्तात्रेय : हाताला काय होत न्हाय माझ्या. मिठानं कातडं केलंय त्याचं.

अमिषा : साल सोलून घ्या. कढईत लोणी घाला. घरचं पांढरं, ते पिवळं बटर नको, त्यात मीठ असतं. अर्धा कांदा, लसूण, मग टोमॅटो. मिरपूड नंतर. साखर कणभर.

दत्तात्रेय : घातलं. आता काय?

अमिषा : आता मऊ होईपर्यंत परतत राहायचं. पाव दुधात भिजलाय. टोमॅटो जरा निवले की सगळं एकत्र मिक्सरला, मग गाळणीतनं गाळून परत मंद गॅसवर. उरलेलं दूध अगदी शेवटी, गॅस बंद करून. उकळत्यात घातलं तर फाटेल.

दत्तात्रेय : आगरावर तिनं कापडातनं गाळलेलं. माझ्या धोतराच्या फाडलेल्या तुकड्यातनं. धुतलेल्या हां.

अमिषा : हे मला सांगायची गरज नव्हती. मी लहानपणापासून पितेय ते सूप.

(मिक्सर थोडा वेळ चालतो, थांबतो.)

अमिषा : रंग बघा काय आलाय. सेम आजीसारखा. आता मीठ. डॉक्टरांनी दिवसभराचं मिळून अर्धा छोटा चमचा सांगितलंय, आणि पावातलं मीठ आहेच. म्हणून ही एवढी चिमूट. बास. थांबा, ऑफिसचा फोन. यार्डात कुठला तरी ट्रेलर अडकला असणार, रविवारी पण सोडत नाहीत. मी मागच्या दारी जाऊन बोलते, तुम्ही ढवळत राहा. खाली लागू देऊ नका.

दत्तात्रेय : जा, जा. मी हाय.

येसूबाई : अवो, ऐकताव का? काय जाळलं आतमधी?

दत्तात्रेय : काय न्हाय. तू पडून ऱ्हा. सूप करतोय तुझ्यासाठी.

येसूबाई : तुमी? चहा केलात तेव्हा पन शेजारची सोनल इझवायला आली व्हती.

दत्तात्रेय : पोरगी हाय बरोबर. टोमॅटो भाजले, पाव भिजवला. सगलं तुझ्यासारखं.

येसूबाई : मीठ कोनी बघितलं?

दत्तात्रेय : पोरीनं घातलं चिमूटभर. मी चाखलं आता. अळनी हाय एकदम. पानीच.

येसूबाई : असू द्या अळनी. तुमी नका चाखू. पोरीला चाखू द्या.

दत्तात्रेय : का? पंचवीस वर्सं कोनाच्या जिभेवर मिठागर चाललं? वाफ्यातल्या पान्याचा थेंब जिभेवर ठेवून मी सांगायचो, आज मीठ धरनार का उद्या. बाकीचे काचेची नळी बुडवून बघायचे, तरी चुकायचे. आनि मना बोलते चाखू नको.

येसूबाई : बरं बाबा. तुमची जीभ नि तुमचं सूप. माझ्यात भांडायची ताकद न्हाय.

अमिषा : झालं, सोडवला ट्रेलर. सूप लागलं नाही ना खाली? मस्त वास येतोय. आबा, ही भरणी इथे कशी आली? फडताळात वरच्या फळीवर होती ना ती?

दत्तात्रेय : काढली जरा.

अमिषा : झाकण उघडं आहे. रिकामी आहे. आबा, ह्यात आपल्या आगराचं मीठ होतं. शेवटच्या वर्षाचं. तुम्ही कोणाला हात लावू देत नव्हतात.

दत्तात्रेय : बाजारचं मीठ तिना बाधलं असंल. आपल्या आगराचं मीठ कधी कोनाला बाधलं न्हाय. आनि सूप अळनी व्हतं, ते परत आलं असतं. मूठभर तर उरलं व्हतं.

अमिषा : मूठभर? अख्खी मूठ? द्या तो चमचा. शी, आबा, हे तोंडात धरवत नाही.

दत्तात्रेय : काय बोलतेस. मी टाकल्यावर पन चाखलं. अजून जरा कमीच हाय.

अमिषा : कमी? आबा, माझी जीभ चरचरतेय.

दत्तात्रेय : तुमी आजकालची पोरं फिकं खाता.

अमिषा : मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवते, तिथे काही फिकं नसतं. आबा, जरा बसा. ह्या स्टुलावर. डोळे मिटा.

दत्तात्रेय : काय करतेस?

अमिषा : मिटा तर. आ करा. हा एक चमचा. पाणी आहे. आणि हा दुसऱ्या वाटीतला. कशात मीठ आहे?

दत्तात्रेय : परत दे. पहिला. आता दुसरा. ह्यात.

अमिषा : नक्की?

दत्तात्रेय : पहिल्यात. थांब. पहिला दे परत.

अमिषा : आबा.

दत्तात्रेय : एकात पन न्हाय. तू फसवतेस मना.

अमिषा : दोन्हींत आहे, आबा. दुसऱ्यात तर चमचाभर.

दत्तात्रेय : डोळे उघडू का?

अमिषा : उघडा ना. अहो, होतं असं वयानं. आंबट कळतं तुम्हाला, गोड कळतं. टेन्शन नका घेऊ. डॉक्टरांना विचारू आपण.

दत्तात्रेय : तुझ्या आजीच्या जेवनाला मी रोज नाव ठेवतो. आमटी आली, अळनी. कालवन आलं, अळनी. किती वर्सं बोलतोय मी? तुझ्या बापाचं लग्न झालं तेव्हापासून तर नक्की.

अमिषा : आठवतं मला. तुम्ही अळणी म्हणायचात आणि ती उठून मीठ घालायची. आम्हाला आई वेगळं काढून ठेवायची आधीच, मुलांना नको म्हणून.

दत्तात्रेय : तुमाला वेगळं. आनि ती?

अमिषा : ती तुमच्याबरोबर जेवायची. त्याच टोपातलं.

दत्तात्रेय : तेच सांगतोय. ती त्याच टोपातलं जेवली. रोज, दोन टाइम. डॉक्टर बोलला, आजी, मीठ किती खाता हो, तेव्हा मी तिथंच उभा व्हतो. मना वाटलं, मिठागरवाल्यांना असं बोलायची ह्या लोकांना सवयच हाय. मी त्याच्यावर रागावलो. आनि तिच्या छातीत पानी भरलं ते माझ्या ह्या जिभेनं.

अमिषा : असं नसतं, आबा. बीपीला शंभर कारणं असतात.

दत्तात्रेय : एक मना आज कळलं. टोमॅटो किती उरले?

अमिषा : आठ. पाव पण आहे एक.

दत्तात्रेय : आन. परत करायचं. बिलकूल मिठाशिवाय. आनि ते खारट मोरीत नको ओतू. मिठावर पाय पडू नये, मेल्यावर ते पापनीनं उचलायला लागतं. झाकून ठेव. भरतीला खाडीत सोडीन. खाडीचंच व्हतं.

अमिषा : ह्या वेळी मी चाखणार.

दत्तात्रेय : तूच चाखायचं. मना विचारू पन नको. आनि मिरपूड दोन बोटं जास्त घाल.

अमिषा : तिला सांगणार का तुम्ही?

दत्तात्रेय : सांगायला लागंल. कसं सांगायचं ते न्हाय माहीत. तू लसून भाज.

(थोड्या वेळानं, येसूबाईच्या पलंगाशी.)

अमिषा : आजी, ऊठ, उशीला टेकून बस. घे. गरम आहे, फुंकून. सगळं आबांनी केलंय. तेही दोनदा केलंय.

येसूबाई : वास आला मना. दोनदा का?

अमिषा : ते आबा सांगतील.

येसूबाई : असे दारात उभे का ऱ्हायलात? लग्नाचं बघायला आलात का? या की आत.

दत्तात्रेय : येसू, पहिलं खारट झालं.

येसूबाई : अच्छा.

दत्तात्रेय : भरनीतलं मीठ मी घातलं. सगलं. मना ते कळलं न्हाय. पोरीनं दोन चमचे पाजले, मना दोन्ही सारखे. माझ्या जिभेला मीठ लागत न्हाय, येसू. कधीपासून ते पन माहीत न्हाय. मी तुना रोज अळनी अळनी बोलत ऱ्हायलो नि तू घालत गेलीस. तुझं हे दुखनं माझ्यामुळं हाय.

येसूबाई : झालं बोलून?

दत्तात्रेय : झालं.

येसूबाई : मना माहीत हाय.

दत्तात्रेय : काय माहीत हाय?

येसूबाई : तुमाला मुदतीचा ताप आला ना, त्याच्यानंतर. आगर जायच्या दोन वर्सं आधी. तुमी तापातनं उठलात नि पहिल्याच जेवनाला ताटातलं लोनचं नुसतं खाल्लंत, भाताशिवाय. तेव्हाच समजले.

दत्तात्रेय : दोन वर्सं आधी? मग त्या दोन सालांत वाफ्यांतलं पानी मीच चाखलं की. शेवटच्या सालाची रास बघायला पनवेलवरनं लोकं आली व्हती. एवढी पांढरी रास खाडीवर कोनाची झाली नव्हती.

येसूबाई : व्हय. तुमी चाखून पुढं जायचात. मागनं मी टोपली घेऊन यायची, बोट बुडवायची. तुमी बोलायचात अजून दोन दिस थांबा, मी गड्यांना बोलायची, शेठ बोलले आजच ओढा. तुमाला वाटायचं गडी ऐकत न्हायत. दोनदा त्यांना शिव्या पन दिल्यात.

अमिषा : आजी, म्हणजे ती रास तू केलीस?

येसूबाई : मीठ समुद्र करतो बाय. आपन फक्त बघायचं, कधी ओढायचं ते. मी ह्यांच्याकडंच शिकले. दहा वर्सं ह्यांच्या मागं चालत व्हते.

दत्तात्रेय : मग मना सांगितलंस का न्हाय?

येसूबाई : काय सांगू? नोटीस आलेली, आगरावर भराव पडनार व्हता. तुमी रोज बांधावर जाऊन बसायचात. आगर चाललं, त्यात जीभ पन गेली असं बोलू तुमाला? ऱ्हायलं ते ऱ्हायलंच मग. पुढच्या वर्सी सांगू, पुढच्या वर्सी सांगू. मिठाचं मडकं हाताशी व्हतं, घालायची दोन बोटं. तुमी पोटभर जेवायचात. मना तेवढं पुरं व्हतं.

दत्तात्रेय : माझ्यासाठी घालायचं. तू कशाला खाल्लंस? वेगळं काढायचं स्वतःला.

येसूबाई : नि तुमी विचारलं असतं का वेगळं काढलंस, तर? शेजारी बसून एका टोपातलं न्हाय जेवलो तर कसं. आनि माझ्या आयशीला पन बीपी व्हता, मामाला पन व्हता. सगलं तुमच्यामुळंच झालं असं काय समजू नका, एवढे मोठे न्हाय तुमी.

अमिषा : आजी, बोलता बोलता घे ना. निवतंय. एक चमचा.

येसूबाई : दे. घट्टपना चांगला जमलाय. लसून जरा जास्त भाजलाय.

दत्तात्रेय : तो पोरीनं भाजला.

येसूबाई : मीठ न्हाय बिलकूल.

अमिषा : नाही. वरून कणभर पण नाही. आजी, प्लीज, ताट सारू नकोस.

येसूबाई : सारतंय कोन? अजून एक चमचा आन आतनं.

अमिषा : हा आहे ना हातात.

येसूबाई : ह्यांना. वाटी एकच असू दे. बसा हो इथं, पलंगावर. मोऱ्याच्या लाँचमधी बसला व्हतात तसे. घ्या.

दत्तात्रेय : तुझं हाय ते. तू पी आधी सगलं.

येसूबाई : पिते. तुमी घ्या एक घोट. कसं लागतंय?

दत्तात्रेय : मना काय विचारतेस. मना नेहमीसारखंच लागतंय. आंबट, नि दुधाचं. तुझं सूप लागतं तसंच.

येसूबाई : मग हे असं लागायचं व्हय तुमाला.

दत्तात्रेय : असंच.

येसूबाई : वाईट न्हाय की. सरका जरा इकडं, वाटी सांडंल.